शेतकरी एक, वह्या तीन: डेटाबेसांत नोंद वाटून घेण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात छोट्या पेढ्यांचे, शीतगृहांचे, ट्रान्सपोर्टवाल्यांचे डेटाबेस, म्हणजे कॉम्प्युटरातल्या वह्या, बांधून देणं हा माझा धंदा. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, कधी फोनवर, कधी कळमन्याच्या बाजारात चहा पिता पिता. ते एकदाचे लिहून ठेवतो. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय. एका घरचे तीन भाऊ. थोरल्याची संत्र्या-मिरचीची अडत, मधल्याचं मिरचीचं शीतगृह, धाकट्याचे ट्रक. तिघांचे तीन प्रोग्राम, तीन वेगळ्या वर्षी तीन वेगळ्या माणसांकडून करून घेतलेले. ते करून देणाऱ्यांपैकी एक मी. शेतकरी मात्र बरेचसे तेच.

एकच शेतकरी तिन्हीकडे लिहिलेला असला तर बिघडतं काय?

लिहिताना काहीच बिघडत नाही, बिघडतं ते बदलताना. काटोलकडच्या एका बागायतदारानं बँक बदलली आणि पासबुकाची झेरॉक्स अडतीच्या मुनीमजींना दिली. त्यांनी त्याच दिवशी खाते क्रमांक बदलला. शीतगृहाकडून त्याला काही रक्कम परत जायची होती, ती गेली जुन्या, बंद केलेल्या खात्यावर आणि काही दिवसांनी तिथूनच परतली. ट्रकवाल्यांकडे त्याचा फोन नंबर दोन सिमकार्डांपूर्वीचा. ड्रायव्हर रात्री फाट्यावर उभा राहून भलत्याच माणसाला झोपेतून उठवत होता.

गंमत म्हणजे तिन्ही नोंदी ज्या दिवशी लिहिल्या त्या दिवशी खऱ्याच होत्या. खोटं कुणी काही लिहिलं नव्हतं. पण आज खरी कोणती, हे सांगायला तिन्ही डेटाबेसांत काही सोय नव्हती. 'महिन्यातून एकदा यादी काढून तिकडे चढवत जा' हा सल्ला माझाच होता. तीन महिने यादी चढली, मग हंगाम लागला आणि ती राहिली.

नोंद वाटून घेणं म्हणजे नेमकं काय करायचं?

जुनी लाल कापडाची चोपडी ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या वहीत, एका अरुंद रकान्याच्या डोक्यावर 'खा. पा.' लिहिलेलं असे, म्हणजे खाते पान. रोजच्या ओळीत माणसाचा गाव, पत्ता, जुनी बाकी कुणी लिहीत नसे. ४७ एवढाच आकडा लिहायचा. सविस्तर हवं असेल त्यानं खतावणीचं, म्हणजे माणसागणिक एक पान असलेल्या वहीचं, ४७वं पान उघडावं.

डेटाबेसात खतावणीच्या त्या पान क्रमांकाला प्रायमरी की म्हणतात, आणि रोजकीर्दीत उतरवलेल्या त्याच आकड्याला फॉरेन की. शेतकऱ्याचं नाव, गाव, फोन, बँक एकाच टेबलात, म्हणजे तक्त्यात. आवक, पोती, ट्रकच्या फेऱ्या या टेबलांत फक्त त्याचा क्रमांक. पडद्यावर नाव दिसतं ते त्या क्षणी जोडून दाखवलेलं असतं, साठवलेलं नसतं.

वहीच्या पुढचं एक पाऊल मात्र आहे. रोजकीर्दीत ४७च्या जागी ७४ लिहिलं गेलं तर वही काही बोलत नाही, दिवाळीला ताळा जुळेनासा झाला की मग शोधाशोध. डेटाबेसाला फॉरेन कीचा नियम सांगून ठेवला असेल, तर जे पानच नाही त्याचा क्रमांक तो घेतच नाही. (७४ नंबरचा शेतकरी खरोखर असेल तर तो घेणारच, तेवढी अक्कल त्याला नाही.)

या सगळ्याचं मूळ १९७० सालच्या एका शोधनिबंधात आहे. आयबीएमच्या सॅन होझे इथल्या प्रयोगशाळेतला गणितज्ञ एडगर कॉड यानं तो लिहिला. तोवर माहिती यंत्रात कुठे, कशी ठेवली आहे ते प्रोग्रामला ठाऊक असावं लागे, आणि जागा बदलली की प्रोग्राम मोडे. कॉड म्हणाला, रकान्यात लिहिलंय ते जुळवा, जागा विसरा. १९८१ साली त्याला संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आपल्या मुनीमांना त्याच्याआधी कितीतरी वर्षं पान क्रमांक माहीत होता, पण निबंध लिहायला फुरसत कुणाला होती!

मग तिन्ही डेटाबेस एकत्रच का करून टाकू नयेत?

जमत असेल तर जरूर करा. माझा पहिला सल्ला हाच असतो, आणि त्यात माझी कमाई कमी होते. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये एकाच डेटाबेसात अडत, शीतगृह, वाहतूक अशा तीन स्कीमा करता येतात आणि चौथी 'सामाईक' नावाची. स्कीमा म्हणजे एका वाड्यातली खोली: तीन खोल्या आणि मधे एक माजघर. स्कीमा ओलांडून फॉरेन की बिनबोभाट चालते.

नाही जमत ते बहुधा माणसांमुळे. मधल्या भावाच्या शीतगृहात बाहेरचा भागीदार आहे, त्याला अडतीचे हिशोब शेजारच्या खोलीतही नको आहेत. धाकट्याचा प्रोग्राम विकत घेतलेला आहे, त्याच्या आतल्या टेबलांना हात लावायची सोय नाही. अशा वेळी डेटाबेस वेगळेच राहतात आणि पुढचे सगळे प्रश्न उभे राहतात.

डेटाबेस वेगळे ठेवून फॉरेन की लावता येते का?

कोणतं सॉफ्टवेअर आहे त्यावर आहे, आणि इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात.

मायएसक्यूएलमध्ये ज्याला डेटाबेस म्हणतात ती खरं तर स्कीमाच असते. त्यामुळे एकाच सर्व्हरवरच्या दोन डेटाबेसांत, इनोडीबी (मायएसक्यूएलची साठवणीची एक पद्धत) टेबलं असतील तर, फॉरेन की लागते. पोस्टग्रेसमध्ये दोन वेगळ्या डेटाबेसांत ती लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्येही नाही. तिथे दुसऱ्या डेटाबेसातलं टेबल तीन भागांचं नाव लिहून वाचता येतं, पण नियम पाळायचा तर ट्रिगर, म्हणजे नोंद बदलताच आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, लिहावा लागतो. ॲक्सेसमध्ये दुसऱ्या फाइलमधलं टेबल 'लिंक' करता येतं आणि ते अगदी आपलंच वाटतं; पण दोन टेबलं दोन फाइलींत असतील तर ॲक्सेस संबंधाची राखण करत नाही. शिवाय ॲक्सेसच्या एका फाइलीची कमाल मर्यादा २ जीबी. एसक्यूलाइटमध्ये 'अटॅच' करून दोन फाइली एकत्र वाचता येतात, फॉरेन की मात्र फाइल ओलांडत नाही. एका फाइलीच्या आतसुद्धा ती आपण होऊन चालू नसते, प्रत्येक जोडणीच्या वेळी चालू करावी लागते. हे माहीत नसल्यानं मी स्वतः एक अख्खा हंगाम बिननियमाचा घालवलाय.

पोस्टग्रेसवाल्यांसाठी 'फॉरेन डेटा रॅपर' नावाची सोय आहे. २०१३ सालच्या ९.३ आवृत्तीपासून एका पोस्टग्रेसमधून दुसऱ्या पोस्टग्रेसचं टेबल वाचता आणि लिहिताही येतं. शीतगृहाच्या डेटाबेसात 'शेतकरी' नावाचं टेबल दिसतं, पण आत काही नसतं. विचारलं की ते अडतीच्या सर्व्हरकडे जाऊन आणतं. ओरॅकलमध्ये हेच काम डेटाबेस लिंक करते. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. अशा टेबलाकडे बोट दाखवणारी फॉरेन की पोस्टग्रेस लावू देत नाही. आणि दोन्हीकडे एकदम लिहायला गेलात, तर एकीकडे लिहिलं गेलं आणि दुसरीकडे राहिलं, असं होऊ शकतं. म्हणून मी दुसऱ्याच्या घरातलं फक्त वाचू देतो. लिहायचं ते आपल्या घरात.

खरी नोंद कुणाकडे ठेवायची?

हा प्रश्न मला कुणी विचारत नाही. मीच विचारतो, आणि त्याच बैठकीत चहा थंड होतो.

थोरले म्हणाले, अर्थात अडतीकडे, शेतकरी पहिल्यांदा आमच्याकडे येतो. मधले म्हणाले, आमच्याकडे मिरची कितीतरी महिने पडून असते, म्हणजे संबंध आमचा जास्त. धाकटे म्हणाले, त्याच्या शेतापर्यंत फक्त आमचा माणूस जातो. तिघांचंही खरं होतं. पण 'मालक' याचा अर्थ महत्त्वाचा माणूस असा नाही. बदल झाल्याची खबर सगळ्यात आधी कुणाला लागते, आणि चुकलं तर सगळ्यात आधी झळ कुणाला बसते, एवढंच पाहायचं.

म्हणून आम्ही नोंदच फोडली. नाव, गाव आणि बँक खातं अडतीकडे, कारण पैसे तिथून सुटतात आणि खातं चुकलं तर शेतकरी त्याच दिवशी गादीसमोर येऊन उभा राहतो. फोन नंबर आणि शेतापर्यंतचा रस्ता वाहतुकीकडे, कारण नंबर लागत नाही हे ड्रायव्हरलाच आधी कळतं. शीतगृहाकडे कोणत्याच सामाईक रकान्याची मालकी नाही. मधले भाऊ चार दिवस घुश्शात होते. पाचव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की नवीन शेतकऱ्याचा फॉर्म भरायचं त्यांचं काम कायमचं गेलं.

प्रत्येक रकान्याला एकच मालक हवा. 'दोघंही बदलू शकतात' असं लिहिलंत, की दोन नोंदी ठेवल्यासारखंच आहे.

ओळख क्रमांक कोणता घ्यावा? मोबाइल? आधार?

दोन्ही नको. मोबाइल बदलतो, आणि एकाच मोबाइलवर बाप, दोन मुलं आणि शेजारचा असे चार शेतकरी असतात. आधार १२ आकडी आहे, बदलत नाही, म्हणून मोह होतो. पण मग तो आवकीच्या, पोत्यांच्या, ट्रकच्या प्रत्येक ओळीत उतरतो, प्रत्येक छापील कागदावर जातो आणि कुणाच्याही हातात पडतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली संमत झालाय. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याची गरज नाही ती माहिती जवळ बाळगणं हा निव्वळ ताप आहे.

अर्थ नसलेला साधा अनुक्रमांक घ्या. 'काटोल-००१२' असला शहाणपणाचा क्रमांकही नको. शेतकरी नरखेडला जमीन घेतो, क्रमांक काटोलच सांगत राहतो, मग कुणीतरी तो 'दुरुस्त' करायला जातं. दोन ठिकाणी एकदम नवे शेतकरी लिहायचे असतील तर अडतीला १ पासून आणि वाहतुकीला ५,००,००१ पासून अशी हद्द आखून द्या. नाहीतर १२८ बिटांचा यूयूआयडी, म्हणजे कॉम्प्युटरनं बनवलेला लांबलचक क्रमांक, वापरा. तो दुसऱ्या कुणाशी जुळत नाही, पण फोनवर वाचून दाखवताना माणूस रडकुंडीला येतो.

नाव सारखंच दिसतं, तरी कॉम्प्युटर दोन शेतकरी का दाखवतो?

कारण सारखं दिसणं आणि सारखं असणं वेगळं. मराठीत हा रोग खास आहे. 'वऱ्हाड' हा शब्दच घ्या. त्यातला ऱ्ह काही कीबोर्डांवर 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून उमटतो, तर काहींवर साध्या 'र'ला हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही 'वऱ्हाड', डेटाबेसात दोन वेगळे शब्द. 'बऱ्हाणपुरे' आडनावाचे शेतकरी आमच्याकडे असेच दुप्पट झाले होते. 'ॲ'चंही तेच. एक अखंड ॲ आहे, आणि दुसरा अ वर चंद्र ठेवून केलेला.

युनिकोडचं (कॉम्प्युटरातल्या अक्षरांच्या प्रमाण क्रमांकांचं) नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, चालवलं की सगळं सुटेल, असं सांगणारे भेटतात. र आणि नुक्ता मिळून झालेला ऱ त्यानं सुधारतो. न दिसणारं जोडचिन्ह आणि दोन तऱ्हेचा ॲ तसेच राहतात. त्यासाठी स्वतःची छोटी बदलयादी लिहावी लागते, आणि ती नोंद आत घेतानाच चालवायची, नंतर नाही. मायएसक्यूएल असेल तर कॅरॅक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ८एमबी४ ठेवा.

आणि मुळात नावावरून जोडणी करूच नका. एका गावात एकाच नावाची, एकाच वडिलांच्या नावाची दोन माणसं असतात. एकाची मिरची दुसऱ्याच्या खात्यावर गेली, की युनिकोड समजावून भागत नाही.

हिशोबपट्टीवर भाव आणि नाव उतरतं. ही पण पुनरावृत्तीच नाही का?

नाही, आणि इथे चुकणारे हुशार लोकच असतात. एकदा 'पुनरावृत्ती वाईट' हे डोक्यात बसलं, की ते पट्टीवरचा भावही भावफलकाच्या टेबलातून जोडून दाखवतात. उद्या भाव बदलला की मागच्या महिन्याची पट्टीही बदलते! पट्टी म्हणजे त्या दिवशी काय घडलं त्याची साक्ष. त्या दिवशीचा भाव, हमाली, तोलाई, ज्या खात्यावर पैसे गेले तो क्रमांक, हे सगळं पट्टीतच गोठवून ठेवायचं. शेतकऱ्याचं आजचं खातं ही एक गोष्ट, आणि त्या दिवशी पैसे कुठे पाठवले ही दुसरी. आकडे आज सारखे असतील, गोष्टी दोन आहेत.

ओळखायची खूण सोपी आहे. मूळ नोंद बदलल्यावर ही बदलायला हवी का? हवी असेल तर क्रमांकानं जोडा. नको असेल तर उतरवून ठेवा.

आमच्याकडे नेट सारखं जातं. मग दुसऱ्याच्या सर्व्हरवर अवलंबून कसं राहायचं?

राहू नका. ट्रक कोंढाळीच्या पुढे गेला की फोनला रेंज असेलच असं नाही; तिथे जिवंत जोडणीचा हट्ट धरलात तर ड्रायव्हर पुन्हा कागदावर येईल. इथे प्रत ठेवायची, पण प्रतीसारखी. ती एका दिशेनंच येते, मालकाकडून. तिच्यात कुणी लिहू शकत नाही. आणि ती शेवटची कधी आली, ते तिच्यावरच दिसतं: 'आज सकाळी ६ पर्यंतची माहिती'. पोस्टग्रेसमध्ये २०१७ सालच्या १० व्या आवृत्तीपासून निवडक टेबलांची अशी प्रत लॉजिकल रेप्लिकेशननं आपोआप पोचवता येते. रोजची यादी काढून चढवणंही चालेल, फक्त ते काम माणसावर सोपवू नका. का, ते वर सांगितलंच आहे.

ड्रायव्हरला शेतकऱ्याचं बँक खातं दिसेल का?

दिसता कामा नये. त्याला टेबल द्यायचंच नाही, व्ह्यू द्यायचा: नाव, गाव, फोन, रस्ता, बस. व्ह्यू म्हणजे खिडकी, तिच्यात साठवलेलं काही नसतं.

शेतकऱ्यानं व्यवहार बंद केला तर नोंद पुसायची का?

पुसू नका, 'बंद' अशी खूण करा. फॉरेन कीला 'रिस्ट्रिक्ट' लावा, म्हणजे मागे एकही पट्टी असेल तर डेटाबेस पुसूच देणार नाही. 'कॅस्केड' लावलंत, तर एक शेतकरी पुसताना त्याच्या सगळ्या पट्ट्या सोबत जातात, आवाजही होत नाही.

आम्ही सगळं एक्सेलमध्येच ठेवतो. चालेल?

पाच-पन्नास शेतकरी असतील तर चालेल. एका शीटमध्ये शेतकरी, बाकीच्यांत क्रमांक आणि व्हीलुकअप, म्हणजे क्रमांकावरून नाव शोधून आणणारं सूत्र. पण एक्सेल १५ आकड्यांपुढे अचूक राहत नाही. १६ आकडी खाते क्रमांक नुसता टाइप केला की शेवटचा आकडा शून्य होतो, आणि सुरुवातीची शून्यं गायब होतात. रकाना आधी 'टेक्स्ट' करा, मग लिहा. बँकेच्या शाखेचा आयएफएससी ११ अक्षरी असतो आणि त्यातलं पाचवं कायम शून्य असतं; लोक तिथे इंग्रजी ओ ठोकतात. ही तपासणी तरी लावाच.

दुप्पट झालेल्या जुन्या नोंदी एकत्र कशा करायच्या?

हळूहळू, आणि हंगाम सोडून. आंबिया बहाराची संत्री संपून मृगाची यायच्या आधी जो श्वास मिळतो, तेवढ्यात. संशयित जोड्या कॉम्प्युटर काढून देईल, पण 'हे दोघं एकच' हा निवाडा त्या माणसाला ओळखणाऱ्यानं करायचा. आमच्याकडे मुनीमजींनी केला, एकेका नावावर त्याच्या आजोबांपासूनची गोष्ट सांगत. वेळ गेला, पण जोडी एकही चुकली नाही.

रद्द केलेला क्रमांक फेकू नका. 'जुना क्रमांक, नवा क्रमांक' असं दोन रकान्यांचं टेबल करा. शेतकऱ्याच्या खिशातल्या कागदावर जुनाच क्रमांक असतो, आणि तो कागद घेऊन तो दोन वर्षांनीही येतो.

मुनीमजी म्हणतात, 'मले ह्या नंबराचं काही समजत नाही.' काय करू?

त्यांना 'खा. पा.' म्हणून सांगा. पडद्यावरच्या रकान्याचं नावही तेच ठेवा. आमच्याकडे तेच आहे.

जोडून दाखवण्यानं काम मंदावतं का?

काही हजार शेतकऱ्यांत नाही. फॉरेन कीच्या रकान्यावर इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, आहे ना, तेवढं पाहा. पोस्टग्रेस तो आपण होऊन करत नाही.

बॅकअप तिघांनी आपापला घेतला तर?

अडतीचा रविवारचा आणि शीतगृहाचा बुधवारचा परत चढवलात, तर सोमवारी लिहिलेल्या शेतकऱ्याची पोती सापडतील, शेतकरी सापडणार नाही. तिन्ही बॅकअप एकाच वेळी घ्या, रात्री काम बंद असताना. परत चढवल्यावर अशी बेवारस पोती शोधणारी एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसाला विचारायचा प्रश्न, चालवा. ती आधीच लिहून ठेवा, त्या दिवशी हात थरथरत असतात.

सर्व्हर कुठे ठेवावा?

मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो म्हणून लोक तो खसच्या कूलरसमोर ठेवतात. कूलरची हवा ओली असते. तो आतल्या खोलीत न्या, एसीत, जमिनीपासून हातभर वर. मिरचीच्या पोत्यांपासून लांब. ती धूळ पंख्यात बसली की सर्व्हर उघडणारा माणूस अर्धा तास शिंकत बसतो.